लेट-नाइट शो बसवायचा तर: आधी पाहुणा, मग टेबलावरचे आयटम, मोनोलॉग सगळ्यात शेवटी

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांत आणि यूट्यूबवर 'लेट-नाइट' धाटणीचे, म्हणजे अमेरिकन टीव्हीवरच्या रात्रीच्या विनोद-गप्पांच्या कार्यक्रमांसारखे, मराठी शो होतात. टेबल असतं, त्यावर कॉफीचा मग असतो, मागे शहराच्या दिव्यांचा पडदा असतो, होस्ट कोट घालून येतो. इतकं सगळं जमवूनही दहाव्या मिनिटाला लोक मोबाइल काढतात. कारण बहुतेक वेळा एकच सापडतं: शो ज्या क्रमाने दिसतो, त्याच क्रमाने तो बसवलेला असतो. सगळे मिळून आधी मोनोलॉग, म्हणजे सुरुवातीला होस्ट एकट्याने सांगतो ते ताज्या बातम्यांवरचे विनोद, लिहायला बसतात आणि प्रयोगापर्यंत तो शिळा होतो. पाहुण्याला आदल्या रात्री फोन जातो. मधल्या भागाबद्दल 'तिथे काहीतरी गंमत करू' एवढंच ठरलेलं असतं.

अमेरिकेतल्या लेट-नाइट शोंच्या ऑफिसात तयारी उलट्या दिशेने चालते. पाहुणा खूप आधी ठरतो, त्याच्याशी सविस्तर बोलणं काही दिवस आधी होतं, टेबलावरचे आयटम त्यानंतर पक्के होतात आणि मोनोलॉग त्याच दिवशी सकाळी लिहिला जातो. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. क्रम मोडू नका, बाकी तपशील तुमच्या सोयीने बदला.

## तयारी: आधी कागदावर एक तास मांडा

अमेरिकन नेटवर्कवरचा नेहमीचा लेट-नाइट शो एका तासाचा असतो. जाहिराती वजा जाता हातात चाळीस-पंचेचाळीस मिनिटं उरतात. नाव रात्रीचं असलं तरी चित्रीकरण साधारण त्याच दिवशी संध्याकाळी, प्रेक्षकांसमोर होतं. पडद्यावर दिसणारा क्रम असा: निवेदकाची घोषणा आणि बँडची धून, उभ्याने मोनोलॉग, बँड किंवा साइडकिकशी (होस्टच्या मंचावरच्या जोडीदाराशी) दोन वाक्यं, टेबलामागे बसून एक विनोदी आयटम, ब्रेक, पहिला पाहुणा, दुसरा पाहुणा, शेवटी गाणं किंवा स्टँड-अप, आणि निरोप.

हौशी संघाने चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नये. मी अशी वाटणी सुचवेन: मोनोलॉग सहा मिनिटं, टेबलावरचा आयटम पाच, पाहुणा दोन भागांत मिळून चौदा, बाहेर शूट केलेला व्हिडिओ तीन, दुसरा छोटा आयटम चार, गाणं पाच. उरलेली तीन मिनिटं हशा, टाळ्या आणि एन्ट्री-एक्झिटसाठी राखून ठेवा. ही तीन मिनिटं कुणीच धरत नाही आणि म्हणून शेवटच्या गाण्यावर कात्री चालते.

तपासा: प्रत्येक भागासमोर मिनिटं लिहिली आहेत का? आणि वेळ कमी पडला तर कोणता भाग वगळायचा, हे आत्ताच ठरलं आहे का? हा निर्णय प्रयोग चालू असताना विंगेत उभं राहून घेता येत नाही.

## टप्पा १: पाहुणा आणि मुलाखतीआधीची मुलाखत

लेट-नाइटमधली मुलाखत सहज गप्पा वाटते, पण ती सहज नसते. प्रत्येक पाहुण्यामागे एक सेगमेंट प्रोड्यूसर असतो. तो पाहुण्याला काही दिवस आधी फोन करतो, अर्धा-पाऊण तास बोलतो आणि त्यातून सांगण्याजोगे तीन-चार किस्से वेचतो. होस्टच्या टेबलावर जे कार्ड असतं, त्यावर किस्सा लिहिलेला नसतो. किस्सा सुरू करून देणारी ओळ लिहिलेली असते.

इथेच मराठी कार्यक्रमांत सगळ्यात मोठी चूक होते. होस्टला किस्सा आधीच कळलेला असतो आणि उत्साहाच्या भरात तो प्रश्नातच सांगून टाकतो. समजा, पाहुणे एसटीचे निवृत्त वाहक आहेत. फोनवर त्यांनी सांगितलं की एकदा एक गृहस्थ बोकड घेऊन गाडीत चढले आणि 'अजून बारा वर्षांचा झाला नाही' म्हणून त्याचं हाफ तिकीट मागू लागले. आता हे दोन प्रश्न पाहा.

चुकीचा: 'काका, तुमच्या गाडीत एकदा म्हणे कुणी बोकडाचं हाफ तिकीट मागितलं होतं?'

बरोबर: 'काका, तिकिटावरून सगळ्यात जास्त हुज्जत कुणी घातली?'

पहिल्या प्रश्नानंतर काकांना 'हो' म्हणण्यापलीकडे काही उरत नाही. दुसऱ्या प्रश्नात किस्सा त्यांचाच राहतो, बोकड कधी बाहेर काढायचा ते त्यांच्या हातात राहतं, आणि हशाही त्यांनाच मिळतो. पाहुणा हसवतो तेव्हा शो होस्टचाच मोठा होतो. जॉनी कार्सन 'टुनाइट शो' या अमेरिकन लेट-नाइट शोचे होस्ट म्हणून १९६२ पासून १९९२ पर्यंत टिकले, त्यात पाहुण्याला हशा घेऊ देण्याच्या त्यांच्या सवयीचा वाटा फार मोठा आहे.

पायऱ्या अशा:

१. प्रयोगाच्या किमान चार दिवस आधी पाहुण्याशी बोला. बोलणारी व्यक्ती होस्ट नसावी. होस्ट तो किस्सा मंचावर पहिल्यांदा ऐकेल, तेव्हाच त्याचं हसू खरं येईल.

२. प्रत्येक किस्स्याचा शेवट विचारून घ्या. ज्याला शेवट नाही तो किस्सा मंचावर लोंबकळतो.

३. तीन किस्से ठेवा. दुसऱ्या क्रमांकाचा आधी, सगळ्यात कच्चा मध्ये, सगळ्यात पक्का शेवटी.

४. कोणता विषय काढायचा नाही, हे पाहुण्यालाच विचारा आणि ते पाळा.

सावध: पाहुण्याच्या कार्याचा परिचय वाचून दाखवू नका. एका वाक्यात ओळख, बँडची धून, एन्ट्री. शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर शो संपल्यावर द्या. मध्येच सत्काराला उभं राहावं लागलं की प्रेक्षक एकदा औपचारिक होतात आणि पुन्हा सैल होत नाहीत.

## टप्पा २: टेबलावरचे ठरलेले आयटम

शोची ओळख इथे तयार होते. पाहुणे आणि बातम्या बदलत राहतात. लोक परत येतात ते या आयटमसाठी. त्यामुळे तुमचा जास्तीत जास्त वेळ इथे जायला हवा.

ठरलेल्या आयटमचं तत्त्व मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. तमाशातल्या गवळणीत मावशी येणार, पेंद्या वाट अडवणार, दोघांची जुंपणार, हे प्रत्येकाला माहीत असतं. लोक थांबतात ते आज मावशी काय उत्तर देते हे ऐकायला. सांगाडा तोच, मजकूर नवा. लेट-नाइटचे सगळे टिकलेले आयटम असेच चालतात.

### एक आयटम जवळून

कार्सन यांचं 'कार्नॅक' हे भविष्यवेत्त्याचं सोंग घ्या. डोक्यावर भलामोठा फेटा, अंगावर झूल, आणि टेबलाशी येताना पायरीवर ठेचकाळणं ठरलेलं. साइडकिक एड मॅकमॅहन गंभीर आवाजात जाहीर करणार की ही पाकिटं दुपारपासून एका बरणीत सीलबंद ठेवलेली आहेत, आत काय आहे कुणालाही ठाऊक नाही. कार्सन एक पाकीट कपाळाला लावून आधी उत्तर सांगणार. मॅकमॅहन ते उत्तर पुन्हा मोठ्याने म्हणणार. मग कार्सन पाकीट फाडणार, आत फुंकर मारणार आणि आतला प्रश्न वाचणार. हशा तिथे. विनोद पडला तर कार्सन प्रेक्षकांना एखादा विचित्र शाप देणार. शेवटचं पाकीट आलं की मॅकमॅहन तसं जाहीर करणार आणि प्रेक्षक सुटका झाल्यासारख्या टाळ्या वाजवणार.

यात प्रत्येक हालचालीला काम आहे. उत्तर दोनदा ऐकू येतं, त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत पोचतं. पाकीट फाडण्यात जे दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्यात प्रेक्षक स्वतः प्रश्नाचा अंदाज बांधतो. शाप ही पडलेल्या विनोदाची सोय आहे. आणि शेवटचं पाकीट जाहीर केल्यामुळे आयटम रेंगाळत नाही.

हाच सांगाडा मराठीत लावून पाहू. उत्तर: 'खत, पाणी आणि आश्वासन.' प्रश्न: 'निवडणुकीच्या वर्षी काय काय घालतात उसाला?' उत्तरातले पहिले दोन शब्द सरळ आहेत, तिसरा खटकतो, आणि प्रश्नाचा शेवटचा शब्द ती गाठ सोडवतो. हाच प्रश्न 'निवडणुकीच्या वर्षी उसाला काय काय घातलं जातं?' असा लिहिला तर ऊस मधेच कळतो आणि पुढचे शब्द हशावर पडतात. याबद्दल मोनोलॉगच्या टप्प्यात पुन्हा बोलू.

### आयटमचे चार प्रकार

यादी. होस्ट डेव्हिड लेटरमन यांची 'टॉप टेन' १९८५ मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये ते निवृत्त होईपर्यंत चालली. दहापासून एकपर्यंत उलटी मोजणी असल्याने प्रेक्षकाला शेवट दिसत असतो. लिहिताना लोक एक नंबरवर सगळ्यात चांगला विनोद ठेवतात आणि तो तिथे वाया जातो, कारण शेवटची ओळ वाचेपर्यंत बँड वाजायला लागतो आणि टाळ्या सुरू होतात. उत्तम ओळ दोन किंवा तीनवर ठेवा. एकवर छोटी, चटकन संपणारी ओळ हवी. दहावर सर्वांना कळेल अशी सोपी.

प्रेक्षकांनी पाठवलेला मजकूर. 'टुनाइट शो'चे नंतरचे होस्ट जे लेनो सोमवारी 'हेडलाइन्स' करायचे: वर्तमानपत्रांतले छापील घोटाळे, चुकीच्या जाहिराती, विनोदी लग्नपत्रिका, सगळं प्रेक्षकांनी पाठवलेलं. हौशी संघासाठी हा सगळ्यात चांगला प्रकार, कारण लिहिणारे कमी असले तरी मजकूर आटत नाही. आपल्याकडे पाट्या आणि सोसायटीच्या नोटिसा आहेत. समजा, अशी पाटी आली: 'गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल. हवा भरून मिळेल, चौकशी आत.' यावर होस्टने जास्तीत जास्त एक वाक्य बोलावं: 'याला म्हणतात संपूर्ण सेवा.' पुढे. पाटीवर दुसरं वाक्य बोललात की पाटीपेक्षा तुम्ही मोठे व्हायला बघताय असं दिसतं. नियम दोन: पाटी खरी हवी, आणि फोन नंबर, फ्लॅट नंबर, नावं झाकलेली हवीत. माझी एक सूचना: शेवटची पाटी नेहमी त्याच सभागृहातली घ्या. लोक ती येताना वाचून आलेले असतात, त्यामुळे हशा दुप्पट येतो.

ठरलेल्या साच्यातला मजकूर. होस्ट जिमी फॅलन कित्येक वर्षं शुक्रवारी आभाराच्या चिठ्ठ्या लिहीत आले. पियानोवर हळवी धून, हातात पेन, आणि क्षुल्लक वस्तूंचे मनापासून आभार. 'हे रिक्षाच्या मीटरा, तुझे आभार, बंद पडूनही तू इतका वेळ गंभीर दिसतोस.' धून हळवी नसेल तर यातला एकही विनोद उभा राहत नाही. आभार मानताना होस्टने हसायचं नाही.

रनिंग गॅग, म्हणजे दर वेळी परत येणारी तीच गंमत. होस्ट जिमी किमेल कित्येक वर्षं शोच्या शेवटी म्हणत आले की अभिनेते मॅट डेमन यांची माफी मागतो, वेळ संपला. डेमन मुळात बोलावलेलेच नसत. एका ओळीचा हा गॅग इतका मुरला की २०१३ मध्ये डेमन यांनी खरोखर एका रात्री शो 'ताब्यात' घेतला आणि किमेल खुर्चीला बांधलेले दिसले. रनिंग गॅगला वेळ लागत नाही, पैसा लागत नाही, फक्त चिकाटी लागते. पहिले तीन-चार वेळा कुणीही हसणार नाही. तरी सोडू नका, आणि समजावून तर अजिबात सांगू नका.

### आयटम पक्का करण्याच्या पायऱ्या

१. नियम एका वाक्यात लिहा. 'आधी उत्तर, मग प्रश्न.' 'खरी पाटी, एक वाक्य.' दोन वाक्यं लागली तर आयटम अजून तयार नाही.

२. नाव, चार सेकंदांची धून आणि एक वस्तू ठरवा: पाकीट, पेन, छडी, काहीही. तिसऱ्या भागापासून ती वस्तू दिसताच टाळी यायला हवी.

३. विनोद पडल्यावर काय करायचं, हे आयटमच्या आतच ठेवा.

४. बाहेर पडण्याची ओळ ठरवा.

५. पहिल्या प्रयोगाआधी त्याच आयटमचे तीन भाग लिहून काढा. पहिला सगळ्यांनाच सुचतो. तिसरा लिहिताना दम लागला, तर तो एकदाच करायचा आयटम आहे, ठरलेला नाही. तसाच वापरा.

तपासा: संघाबाहेरच्या एखाद्या मित्राला फक्त नियम सांगा आणि एक ओळ लिहायला सांगा. त्याला जमली तर सांगाडा मजबूत आहे.

सावध: गाजलेल्या आयटमचं नाव आणि मांडणी जशीच्या तशी उचलू नका. लेटरमन १९९३ मध्ये एनबीसी वाहिनी सोडून सीबीएस वाहिनीकडे गेले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्याच आयटमांवर एनबीसीने बौद्धिक संपदेचा हक्क सांगितला आणि काही नावं बदलावी लागली. कायद्याचं सोडा; उचललेल्या आयटमची तुलना मूळ आयटमशी होते आणि तिथे आपण हरतो. तत्त्व घ्या, मजकूर आणि वस्तू आपल्या गावची घ्या.

## टप्पा ३: साइडकिक आणि बँड

साइडकिक म्हणजे दुसरा विनोदवीर असं समजून दोन तुल्यबळ माणसं मंचावर बसवली जातात आणि दोघं एकमेकांच्या पंचवर (विनोदातल्या हसवणाऱ्या शेवटावर) पंच टाकतात. साइडकिकची कामं तीन. पहिलं, आधी हसणं, म्हणजे प्रेक्षकांना मोकळीक मिळते. दुसरं, प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न विचारणं. मॅकमॅहन उत्तर पुन्हा म्हणायचे, ते याच जातीचं काम. तिसरं, होस्ट अडखळला तर त्याला उत्तर द्यायला काहीतरी देणं. साइडकिकने एका आयटममध्ये दोनपेक्षा जास्त स्वतंत्र विनोद करू नयेत. होस्ट कोनन ओब्रायन आणि त्यांचे साइडकिक अँडी रिक्टर यांच्या जोडीत रिक्टर कमी बोलायचे, म्हणून त्यांचं वाक्य वजनदार वाटायचं.

बँड मोठा लागत नाही. एक कीबोर्ड आणि एक ढोलकी पुरे. बँडमास्टरला स्क्रिप्टची प्रत द्या आणि खुणा ठरवा: पाहुण्याची धून, आयटमची धून, ब्रेक, आणि विनोद पडल्यावरची धून. कार्सन यांचे विनोद ओळीने पडले की बँड 'टी फॉर टू' ही जुनी धून वाजवायचा आणि ते हलकेच पावलं टाकायचे. पडलेल्या मोनोलॉगचाच एक आयटम व्हायचा. तुमच्याकडे अशी एक धून तयार हवी. यूट्यूबवर टाकणार असाल तर सगळ्या धुना स्वतः बांधलेल्या वापरा.

सावध: प्रत्येक विनोदानंतर ढोलकीची थाप नको. तिसऱ्यांदा ती आली की हशा तिच्यासाठी थांबायला लागतो.

## टप्पा ४: बाहेरचं शूट

एक छोटा व्हिडिओ शोला मोकळी हवा देतो, आणि तेवढ्यात मंचावर टेबल-खुर्च्या हलवता येतात. रस्त्यावर जाऊन लोकांना प्रश्न विचारायचे असतील तर लक्षात घ्या की लेनो यांच्या 'जेवॉकिंग'सारख्या आयटममध्ये पडद्यावर दिसणारे मोजके असतात, विचारलेले पुष्कळ. तीन मिनिटांसाठी दोन तासांचं शूट धरा. प्रत्येकाची परवानगी कॅमेऱ्यावर घ्या. लहान मुलं, कामावर असलेली माणसं आणि ज्यांना प्रश्नच नीट कळलेला नाही असे लोक एडिटमध्ये वगळा. अडाण्याला उघडं पाडण्यापेक्षा होस्ट स्वतः फजीत होईल असा प्रश्न विचारणं अधिक चांगलं. कोनन यांच्या परदेश-भेटींचे भाग याच पद्धतीवर उभे आहेत: तिथल्या लोकांसमोर वेडं ठरायचं ते त्यांनी.

## टप्पा ५: मोनोलॉग

आता, आणि आताच, मोनोलॉग. प्रयोगाच्या दिवशी सकाळी, फार तर आदल्या रात्री. अमेरिकन शोमध्ये लेखक सकाळी ढिगाने विनोद पाठवतात, होस्ट निवडतो, दुपारी तालमीत ते पुन्हा गाळले जातात. तुम्ही चार जण असाल तर प्रत्येकी दहा लिहा आणि चाळिसातले बारा ठेवा. निवडणारी व्यक्ती एकच असू द्या, आणि ती होस्ट असावी, कारण तोंडात बसणारा विनोद त्यालाच कळतो.

सेट-अप, म्हणजे पंचच्या आधी येणारी माहिती, खरा हवा. बातमी एका वाक्यात, कोणताही शेरा न घालता. प्रेक्षकाने ती ऐकलेली असेल तर उत्तम. समजावून सांगावी लागत असेल तर ती सोडा.

पंचचा शब्द शेवटी हवा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं, म्हणून लिहिताना पंच नकळत मध्ये अडकतो. सेट-अप धरा: 'पालिकेने जाहीर केलंय, गणपतीच्या आधी सगळे खड्डे बुजवणार.' पहिला मसुदा बहुतेक असा येतो: 'पण कुठल्या वर्षीच्या गणपतीच्या आधी ते मात्र पालिकेने सांगितलेलं नाही.' हशा 'वर्षीच्या'वर यायला हवा आणि होस्ट अजून सात शब्द बोलतोय. उलटवा: 'फक्त एक सांगितलं नाही. गणपती कुठल्या वर्षीचा.' बोली मराठी हा उलटा क्रम सहज पेलते. प्रत्येक विनोद मोठ्याने वाचा आणि शेवटचा शब्द कोणता ते पाहा. 'आहे', 'नाही', 'असतं' असेल तर वाक्य फिरवता येतं का ते बघा.

क्रम. सगळ्यांना ठाऊक असलेली, हलकी बातमी आधी. एका विषयावरचे दोन-तीन विनोद सलग, मग विषय बदला. टोकदार राजकीय विनोद मध्यात, प्रेक्षक आपलासा झाल्यावर. शेवट दुसऱ्या क्रमांकाच्या विनोदाने. पहिल्या क्रमांकाचा सुरुवातीच्या तिनात हवा.

पडलेल्या विनोदाची तयारी. तीन सुटकेच्या ओळी पाठ असू द्या आणि एका रात्री प्रत्येक ओळ एकदाच वापरा. विनोद पडला की तो पुन्हा सांगायचा नाही. प्रेक्षकांवर रागवायचं नाही. 'कळला का?' तर कधीच विचारायचं नाही.

कार्ड. मोबाइलवरून वाचू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर जाड मार्करने लिहा आणि कॅमेऱ्याच्या किंवा पहिल्या रांगेच्या बाजूला कुणाला तरी धरायला सांगा. होस्ट सेथ मायर्स यांच्या लेट-नाइट शोमध्ये आजही हाताने लिहिलेली कार्डं वापरतात. एका कार्डावर एकच विनोद, आणि पंच वेगळ्या रंगात.

उभं राहून बोलताना हात कुठे ठेवायचे हेच सुचत नसेल, तर बसून करा. मायर्स यांनी २०१५ मध्ये मोनोलॉग टेबलामागे नेला आणि त्यांचा सूर तिथेच लागला. टेबल-खुर्ची, उभं राहणं, पडदा, यातलं काहीही पवित्र नाही. २०१९ मध्ये कोनन यांनी शो अर्ध्या तासाचा केला तेव्हा टेबलच काढून टाकलं.

सावध: अपघात, आजारपण, कुणाचं घरगुती दुःख ही मोनोलॉगची सामग्री नाही. सत्ता असलेल्याच्या निर्णयावर बोला, त्याच्या अंगकाठीवर, जातीवर, बायकोवर नाही. खात्री नसलेली बातमी सेट-अप म्हणून वापरू नका; विनोदाच्या आडून केलेला आरोप हा आरोपच असतो.

## टप्पा ६: सभागृह आणि प्रेक्षक

लेट-नाइटचे स्टुडिओ मुद्दाम थंड ठेवतात. लेटरमन यांचं न्यूयॉर्कमधलं एड सलिव्हन थिएटर तर त्यासाठी प्रसिद्ध होतं. उकाड्यात माणूस पेंगतो. एसी नसेल तर शो दुपारी ठेवू नका.

आपल्याकडे पहिल्या दोन रांगा मान्यवरांसाठी सोफे टाकून राखलेल्या असतात. शो तिथेच अर्धा मरतो. मान्यवर मोजकं हसतात, उशिरा येतात, आणि त्यांच्या मागे बसलेल्यांना मंच लांब वाटतो. आयोजकांशी आधीच बोला: पुढे तरुण, हसरे, गटाने आलेले लोक, मान्यवर तिसऱ्या-चौथ्या रांगेत, मध्यभागी. रिकाम्या खुर्च्या मागे जाऊ द्या, मध्ये भोकं नकोत. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवू नका. अंधारात लोक एकमेकांचं हसू पाहू शकत नाहीत.

शोआधी दहा मिनिटं वॉर्म-अप हवा. होस्ट सोडून कुणीतरी लोकांशी गप्पा माराव्यात, टाळ्यांची तालीम करून घ्यावी, मोबाइल सायलेंटवर टाकायला सांगावं. रेकॉर्डिंग असेल तर प्रेक्षकांवर वेगळा माइक लावा. तो नसेल तर सभागृह हसून लोळलं तरी व्हिडिओत होस्ट एकटाच बडबडताना दिसेल.

मंचाची मांडणी: प्रेक्षकांच्या उजव्या हाताला होस्टचं टेबल, डावीकडे पाहुण्याचा सोफा. पाहुणा होस्टकडे वळला तरी त्याचा चेहरा लोकांना दिसला पाहिजे. सोफा थोडा तिरका लावा.

## टप्पा ७: तालीम आणि प्रत्यक्ष प्रयोग

१. दुपारी आयटम आणि मोनोलॉग पाच-सहा अनोळखी लोकांसमोर वाचा. संघातल्या मित्रांसमोर नको, त्यांना शेवट माहीत असतो. हशा न आलेल्या ओळी कापा, सुधारत बसू नका.

२. एन्ट्री, धून, वस्तू आणि दिवे यांची तांत्रिक तालीम वेगळी करा. पाकीट फाटतं का, कार्ड वाचता येतं का, माइक बदलताना खरखर होते का, ते बघा.

३. पाहुण्याची तालीम घेऊ नका. त्याला मंचावरची जागा आणि माइक दाखवा, एवढंच.

४. पहिल्या रांगेत वेळ पाहणारी एक व्यक्ती बसवा. तिच्या खुणा तीन: पाच मिनिटं, एक मिनिट, संपवा. होस्टने वाद घालायचा नाही.

५. हशा चालू असताना पुढचं वाक्य सुरू करू नका. हशा चढतो, टेकतो आणि उतरायला लागतो, उतरताना बोला. पूर्ण शांत होईपर्यंतही थांबू नका.

६. पाहुणा अचानक वेगळाच किस्सा सांगू लागला आणि रंगला, तर कार्डं बाजूला ठेवा. त्यासाठीच वगळायचा भाग आधी ठरवला होता.

तपासा, एन्ट्रीच्या पाच मिनिटं आधी: कार्डं क्रमाने आहेत. पाकिटं मोजली आहेत. टेबलावर पाणी आहे. पाहुणा विंगेत आहे, प्रेक्षकांत नाही. सुटकेच्या ओळी होस्टला आठवत आहेत.

## टप्पा ८: दुसऱ्या दिवशी

रेकॉर्डिंग ऐका, पाहू नका, ऐका. प्रत्येक आयटमसमोर तीन खुणांपैकी एक करा: धून वाजताच टाळी आली, पंचवर हशा आला, काहीच आलं नाही. धून वाजताच टाळी येऊ लागली की आयटम रुजला. तेव्हाच तो दर वेळी करण्याचा मोह होतो, आणि तेव्हाच हात आखडता घ्यायचा. लेनो यांनी 'हेडलाइन्स' सोमवारपुरती ठेवली, फॅलन कित्येक वर्षं आभार शुक्रवारी मानत आले. तुमचे शो महिन्याला असतील तर एक आयटम प्रत्येक वेळी, दुसरा आलटून-पालटून, आणि एक जागा नेहमी नव्या प्रयोगासाठी मोकळी.

धून वाजल्यावर येणारी टाळी चांगली पण पंचवरचा हशा सलग तीन शोमध्ये कमी, असं दिसलं तर आयटम थांबवा. आधी जाहीर करू नका, निरोपाचा कार्यक्रमही नको. पुढच्या शोमध्ये ती वस्तू टेबलावर ठेवा आणि तिचा उल्लेख करू नका. लोकांनी मागितली तर सहा महिन्यांनी परत आणता येते.